गोठवलेली गाठ आणि छाटणीची तारीख

माझी आक्का तासगावची, वय 72. डाव्या स्तनात 11 मिलिमीटरची कॅन्सरची गाठ निघाली. मुंबईत ती कापली नाही, गोठवली. मी मिरजेत तीस वर्षं एक्स-रे काढले, म्हणून पुढची धावपळ माझ्याकडेच आली. ज्यांच्या घरात हे चाललंय त्यांच्यासाठी लिहिते.

हा उपाय सरसकट नाही. अमेरिकेतल्या आइस-3 अभ्यासात साठी आणि पुढच्या 194 बायका होत्या. गाठ दीड सेंटिमीटरपर्यंत, हार्मोन पॉझिटिव्ह (म्हणजे हार्मोनवर वाढणारी), हर-टू निगेटिव्ह (म्हणजे हर-टू नावाचं प्रथिन जास्त नसलेली). पाच वर्षांत त्याच स्तनात आजार परतला तो 4.3 टक्के जणींत. चाळिशीतल्या बाईला किंवा तीन सेंटिमीटरच्या गाठीला हा आकडा लावू नका. आणि बायोप्सीचा, म्हणजे गाठीच्या तुकड्याचा रिपोर्ट या हार्मोन आणि हर-टूच्या तपासणीसकट आधीच हातात हवा, कारण नंतर लॅबला पाठवायला गाठ मिळत नाही.

काम थोडक्यात असं: जागा बधिर करून सोनोग्राफीवर बघत सुई आत नेतात, गोठवतात, वितळू देतात, पुन्हा गोठवतात. कातडी जवळ असेल तर मध्ये सलाइन सोडतात. आक्का बाहेर येऊन म्हणाली, "एवढंच? दाढ काढताना जास्त बोंबलले होते मी."

खरी गोम पुढं आहे. गाठ मरते, पण जागेवरच राहते. महिन्यानं आंघोळीत हाताला ती आधीपेक्षा मोठी लागली, तशी आक्कानं जेवणच सोडलं. मेलेली चरबी घट्ट होते, त्यात तेलाच्या पिशव्या धरतात; कित्येक महिने हाताला लागतं. तरी अंदाज आपण बांधायचा नाही, डॉक्टरांना दाखवायचं.

सहा महिन्यांच्या मॅमोग्राफीला, म्हणजे स्तनाच्या एक्स-रेला, मी कोल्हापूरला लग्नात होते, भाचा घेऊन गेला. फॉर्मवर गोठवल्याचा उल्लेखच नाही. रिपोर्ट आला, "संशयास्पद, बायोप्सी करा." दोन दिवस घरात चूल थंड. तेव्हा फॉर्मवर ठळक लिहा: कुठला स्तन, स्तन घड्याळाची तबकडी धरली तर गाठ किती वाजताच्या जागी (आक्काचं "डावा, दोन वाजता"), कोणत्या तारखेला क्रायो, म्हणजे गोठवणं, केलं. जुना नुसता रिपोर्ट नको, फिल्म आणि सीडी न्या. आधीच्या फोटोशेजारी ठेवल्याशिवाय नव्या फोटोला अर्थ नाही. त्या दिवशी काखेत पावडर लावू नका, ती फोटोत कॅल्शियमच्या कणांसारखी दिसते. एमआरआय सांगितला तर करा. त्यात शिरेतून देतात ते औषध मेलेली जागा धरत नाही. कडेला एखादा ठिपका ते धरायला लागला तर बघावं लागतं. हार्मोन रोखायची गोळी मनानं बंद करायची नाही.

आक्काला तारखा लक्षात राहत नाहीत. पण गोठवलं ते ऑक्टोबरात, द्राक्षांच्या फळछाटणीच्या आठवड्यात. म्हणून सहा महिन्यांचा फोटो एप्रिलच्या खरडछाटणीला, वर्षाचा परत फळछाटणीला, पुढं दर फळछाटणीला. परवा तिचाच फोन आला, "छाटणीची माणसं सोमवारी येत्यात. फोटोवाल्याला मंगळवार सांग."