चौघांसाठी टिअरड्रॉप ट्रेलर: आधी खडू, मग करवत

टिअरड्रॉप म्हणजे गाडीमागे ओढायचा, थेंबाच्या आकाराचा छोटा झोपायचा ट्रेलर. प्लायवूड आणण्याआधी अंगणात खडूने ८ फूट बाय ५ फूट चौकोन आखा आणि चौघांनी त्यात आडवं व्हा. दोन मोठी माणसं आरामात मावतात. लहान मुलाला पायांच्या वर आडवा बंक (फळीची खाट) चालतो, दुसऱ्याला बाहेर तंबूच बरा. ४ फूट रुंदीत एकच शीट पुरते म्हणून मोह होतो, पण कुटुंबासाठी तो करू नका.

खरा घोळ वजनाचा. १२ मिमीची ८ बाय ४ शीट साधारण २५ किलो भरते, आणि स्वयंपाकाचा कट्टा मागच्या टोकाला असतो. तिथेच पाण्याचे २० लिटरचे दोन कॅन ठेवले की ४० किलो मागे गेले, गाडीला जोडायचा पुढचा हुक हलका झाला. चोर्ला घाटाच्या उतारावर ट्रेलर शेपटीसारखा डोलू लागणार. एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार हुकवर हवा: ५०० किलोला ५० ते ७५. सामान भरून, ट्रेलर समतल ठेवून, हुकखाली लाकडी ठोकळा आणि घरातला वजनकाटा ठेवून मोजा. कमी भरलं तर कॅन एक्सलच्या पुढे न्या.

गोव्यात खारा वारा आणि चार महिने पाऊस. सांगाडा गॅल्व्हनाइझ्ड, स्क्रू ३१६ स्टेनलेस, प्लाय आयएस ७१० मरीन, म्हणजे पाण्यात टिकणारा. कापलेल्या कडांना इपॉक्सी (पाणी आत न सोडणारा राळेचा लेप) लावाच, कुजायला सुरुवात तिथूनच होते. छताला पंखा आणि खाली झरोका हवा, नाहीतर सकाळी गादी ओली.

नोंदणीचं आरटीओत आधीच विचारा. वेल्डिंग नंतर.