फ्लुकोनॅझोल लागू पडत नाही? या चुका टाळा

"माझ्या अंगाला आता त्या गोळीची सवय झालीय," असं लॅबमध्ये स्वॅब द्यायला येणाऱ्या बायका हमखास सांगतात. सवय अंगाला होत नाही हो, बदलतं ते यीस्ट, म्हणजे त्रास देणारी बुरशी! हे एकदा लक्षात आलं की निम्म्या चुका टळतात.

फ्लुकोनॅझोल हे बुरशीवरचं औषध कॅन्डिडाला, म्हणजे या यीस्टला, मारत नाही, वाढ थोपवून धरतं. पेशीच्या पडद्याला एर्गोस्टेरॉल लागतं. ते बनवणाऱ्या एका एन्झाइमला हे औषध चिकटतं. पण लाखो पेशींत एखादीच्या एन्झाइमची ठेवण जरा वेगळी असते, एखादी ते एन्झाइम जास्तच बनवते, तर एखादी पंपाने औषध बाहेर फेकते. बाकीच्या थांबल्या की हिला मोकळं रान मिळतं.

म्हणून अंगावरून पांढरं जायला लागलं की तपासणीविना मेडिकलमधून १५० मिलिग्रॅमची गोळी आणू नका. कारण बॅक्टेरियाही असू शकतात. तेव्हा त्रास तसाच राहतो आणि अंगातल्या यीस्टमधल्या चिवट पेशी मात्र मागे उरतात.

'यीस्ट आढळलं' एवढ्याच रिपोर्टवर समाधान मानणं ही माझ्या मते सगळ्यात महाग पडणारी चूक. त्रास वारंवार होत असेल तर कॅन्डिडाची जात विचाराच. क्रुसी मुळातच फ्लुकोनॅझोलला दाद देत नाही, ग्लॅब्राटा कमी देते. क्रोमॅगरच्या (जातीनुसार रंग देणाऱ्या माध्यमाच्या) प्लेटवर अल्बिकन्स हिरवी, ट्रॉपिकॅलिस निळी आणि क्रुसी गुलाबी, खरबरीत दिसते. ऑरिस मात्र रंगावरून ओळखू जाऊ नका. जपानमध्ये एका रुग्णाच्या कानातून मिळालेल्या आणि २००९ मध्ये नोंदवलेल्या या जातीला जुनी यंत्रं हेमुलोनी ही दुसरीच जात म्हणून मोकळी व्हायची. तिच्यासाठी मॅल्डी-टॉफ (प्रथिनांवरून जात ओळखणारं यंत्र) किंवा सिक्वेन्सिंग (डीएनए वाचणं) हवं.

रक्तात कॅन्डिडा सापडला आणि मोठ्या शिरेत औषधं देण्याची नळी (सेंट्रल लाइन) असेल, तर ती काढता येईल का हे डॉक्टरांनी लगेच पाहावं. नळीवरच्या चिकट थरात औषध पुरेसं चालत नाही.

आता लॅबमधल्या सहकाऱ्यांसाठी. यीस्टच्या प्लेटवर ठेवलेल्या फ्लुकोनॅझोलच्या २५ मायक्रोग्रॅमच्या डिस्कभोवती, वाढ थांबल्याने, स्वच्छ रिंगण पडतं आणि आत मोहरीएवढ्या दोन-चार टिकल्या दिसतात. टेस्ट पुन्हा लावूनही त्या आल्या, तर 'कंटॅमिनेशन' (बाहेरून आलेले जंतू) म्हणून सोडू नका. ग्लॅब्राटात मायटोकॉन्ड्रियाचा डीएनए गमावलेल्या पेशी अशाच बारीक, सावकाश वाढतात आणि त्यांचे पंप जोरात चालतात. त्या टिकल्या उचलून वेगळ्या वाढवा, जात नव्याने ओळखा, पुन्हा तपासा. तोवर मी रिपोर्टवर सही करत नाही.