अपडेट घ्यायचं ते वीस तारखेनंतर

विंडोजचं दरमहाचं अपडेट दुसऱ्या मंगळवारी अमेरिकेत सकाळी निघतं. तेव्हा आपल्याकडे रात्र असते, त्यामुळे बुधवारी ऑफिस उघडलं की ते समोर हजर. हा मंगळवार ८ ते १४ तारखेच्या दरम्यान येतो आणि दरमहा भरणाऱ्यांसाठी जीएसटीआर-१ ची, म्हणजे विक्रीच्या जीएसटी विवरणपत्राची, मुदत असते ११ तारखेला. सोलापुरातल्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतला टॉवेलचा कारखाना असो की नवी पेठेतला कर सल्लागार, नेमक्या याच दिवसांत टॅली किंवा बिलिंगचं सॉफ्टवेअर उघडता उघडता बंद पडणं कुणालाच परवडत नाही. म्हणून सगळ्यात आधी सेटिंग्जमध्ये विंडोज अपडेटला जाऊन 'पॉज अपडेट्स' करा. पाच आठवड्यांपर्यंत थांबवता येतं, पण तेवढं ताणू नका, कारण सुरक्षेच्या दुरुस्त्या त्यातूनच येतात. २० तारखेचं जीएसटीआर-३बी हे विवरणपत्र भरून झालं की घेऊन टाका. तोवर अपडेटमध्ये काही खोट असेल तर ती बहुतेक वेळा उघडकीस आलेली असते. महिन्याच्या शेवटी येणारं 'प्रीव्ह्यू' अपडेट ऐच्छिक असतं, त्याला हातच लावू नका.

बॅकअप घेतो असं सगळेच म्हणतात, तो उघडून कोणी बघत नाही. टॅलीचा बॅकअप टॅलीतूनच पेन ड्राइव्हवर घ्या, दुसऱ्या कॉम्प्युटरवर रिस्टोअर करा आणि कालचं शेवटचं व्हाउचर दिसतंय का ते डोळ्यांनी बघा. रिस्टोअर करताना फोल्डर वेगळा द्या, नाहीतर चालू डेटावर जुना डेटा बसेल. त्याच पेन ड्राइव्हवर प्रत्येक सॉफ्टवेअरचा सेटअप आणि प्रिंटरचा ड्रायव्हर ठेवा. लायसन्स नंबर मात्र वहीत, शाईने.

चादरीच्या कारखान्यात सगळ्यात नाजूक कॉम्प्युटर जॅकार्डच्या, म्हणजे मागावर विणायच्या नक्षीच्या, डिझाइनचा. सॉफ्टवेअर जुनं, त्याचं डाँगल (सॉफ्टवेअर चालण्यासाठी कॉम्प्युटरला लावावी लागणारी चावी) त्याहून जुनं, स्टिकरवरचे आकडे पुसलेले. विंडोज ११ मधलं 'मेमरी इंटिग्रिटी' हे संरक्षण जुने ड्रायव्हर अडवतं. मग डाँगल लावलेलं असलं तरी सॉफ्टवेअरला ते सापडत नाही. संरक्षण बंद करून काम भागवायचा मोह होतो, पण आधी विक्रेत्याकडून नवा ड्रायव्हर मागवा. सॉफ्टवेअर १६-बिटचं, म्हणजे फार जुन्या घडणीचं, असेल तर ड्रायव्हरनेही भागणार नाही, विंडोज ११ वर ते चालतच नाही. विक्रेताच उरला नसेल तर माझं मत स्पष्ट आहे: ते मशीन इंटरनेटवरून तोडा, आहे तसं राहू द्या आणि डिझाइन तपासलेल्या पेन ड्राइव्हने न्या-आणा. ज्या कॉम्प्युटरवर बँकेचं काम चालतं, तिथे ही सवलत नाही. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आहे, हे विसरू नका.

प्रिंटरचंही बघा. सप्टेंबर २०२१ च्या अपडेटनंतर शेअर केलेले प्रिंटर ०x०००००११बी हा एरर देऊन ठिकठिकाणी अडले होते. प्रिंटरचं नाव, पोर्ट आणि चलनाच्या कागदाचं माप दाखवणाऱ्या खिडकीचा मोबाइलवर फोटो काढा. डॉट मॅट्रिक्सवर ते माप हरवलं तर अर्धं चलन पुढच्या पानावर छापलं जातं.

बिटलॉकर, म्हणजे डिस्क कुलूपबंद करणारी विंडोजची सोय, चालू असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर उतरवून घ्या, अपडेटनंतर सुरू होताना कॉम्प्युटर ती मागू शकतो. सी ड्राइव्हवर वीस-पंचवीस जीबी मोकळे ठेवा. यूपीएसची बॅटरी आधी तपासा, उन्हाळ्यात तर नक्कीच, कारण अपडेट चालू असताना लाइट गेली तर विंडोजच उघडेनासं होऊ शकतं.

पहिलं अपडेट कमी कामाच्या मशीनवर घ्या, दोन दिवस वापरा, मग बाकीच्यांवर. तरीही एखादं सॉफ्टवेअर लोगो दाखवून गायब झालं तर लगेच पुन्हा इन्स्टॉल करू नका. स्टार्टमध्ये 'रिलायबिलिटी' टाइप करा. त्या तारखेखाली लाल फुली दिसेल, तिच्या तपशिलात कोणती फाइल कोसळली त्याचं नाव असतं. त्याचा फोटो सपोर्टवाल्याला पाठवला की निम्मं बोलणं वाचतं. दरमहाचं अपडेट 'अपडेट हिस्टरी'तून काढता येतं. विंडोजची आवृत्तीच बदलली असेल, तर मागे जायला साधारण दहा दिवस मिळतात, आणि तेही विंडोज.ओल्ड फोल्डर जागेवर असेल तरच. तोवर डिस्क क्लीनअप कुणालाही करू देऊ नका.