लई पाणी पेलो तरी डोकं दुखतंय? डाएट आणि ग्राउंड एकत्र करताना या चुका टाळा

मे महिन्यात परभणीत सकाळी साडेसातलाच ऊन अंगाला चटका देतं. भरतीची तयारी करणारी पोरं ग्राउंड मारून सावलीला बसली, की घामाने भिजलेले काळे टी-शर्ट वाळतात आणि पाठीवर पांढरे नकाशे उमटतात. ते मीठ असतं. कुणाच्या पाठीवर नकाशा मोठा, कुणाच्या नुसती रेघ. मी या पोरांकडून सराव करून घेतो. पूर्वी या नकाशांकडे माझंही लक्ष नसायचं.

मागच्या उन्हाळ्यात एकाने वजन उतरवायचं मनावर घेतलं. भात, भाकरी आणि मीठ एकाच दिवशी बंद. जेवणात उकडलेली अंडी आणि काकडी, सोबत दोन लिटरची बाटली, दिवसातून चारदा भरलेली. आठव्या दिवशी सराव संपल्यावर तो डोकं धरून बसला. "लई पाणी पेलो सर, तरी बी डोकं दुखायलंय," म्हणाला आणि बाटली परत तोंडाला लावली. त्याच्या बोटातली अंगठी मांसात रुतली होती. तहानलेल्या माणसाची बोटं सुजत नाहीत, तेव्हा बाटली काढून घेतली आणि त्याला दवाखान्यात नेलं. रक्तात सोडियम, म्हणजे मिठातलाच एक घटक, १२८ निघालं. ते १३५ ते १४५ असायला हवं. "पाणी पी, पाणी पी" म्हणून रोज मीच त्याच्या मागे लागायचो, म्हणजे चूक माझीही होती.

पाणी मोजायचं, मीठ विसरायचं

घामात पाण्याबरोबर सोडियम जातं. भरून काढताना नुसतंच पाणी ओतत राहिलं, की रक्तातलं उरलंसुरलं सोडियम आणखी पातळ होतं. पेशींत पाणी शिरतं आणि मेंदूलाही सूज येऊ शकते. हे फक्त नवख्यांना होतं असं नाही. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉननंतर ४८८ धावपटूंचं रक्त तपासलं, तेव्हा १३ टक्क्यांचं सोडियम कमी निघालं होतं. शर्यतीत ज्यांचं वजन वाढलं, त्यांच्यात हा धोका जास्त दिसला. पळून वजन वाढलं, म्हणजे गेलं त्याहून जास्त प्यायलं.

डाएटवाल्याचं दुखणं इथे दुप्पट होतं. भात-भाकरी तोडली की शरीर साठवलेलं ग्लायकोजन, म्हणजे स्नायूंत आणि यकृतात साठलेली साखर, वापरतं. त्याच्या एका ग्रॅमसोबत साधारण तीन ग्रॅम पाणी धरलेलं असतं, तेही निघून जातं. पहिल्या आठवड्यात काटा दोन किलो खाली येतो आणि पोरगं खूश होतं. त्यात चरबी थोडीच असते. शिवाय इन्सुलिन उतरलं की किडनी सोडियम जास्त बाहेर टाकते. म्हणजे मीठ नेमकं जास्त लागतं, तेव्हाच आपण ते ताटातून काढतो. उठताना डोळ्यापुढे अंधारी, पायात गोळे, चिडचिड, आणि घरचे म्हणतात, "खात नाहीस, म्हणून होतंय." अर्धं बरोबर असतं त्यांचं.

तेव्हा कॅलरी तोडायच्या तर तोडा, घाम गाळताय तोवर मीठ तोडू नका. मीठ घातलेलं ताक, ज्वारीची आंबील, येसर आमटी, धपाट्यासोबत दही, एवढ्यानेच बऱ्याच जणांचं भागतं. मात्र बीपी, किडनी किंवा हृदयाचा त्रास असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय मीठ वाढवू नका. 'कमी सोडियमचं' म्हणून मिळणाऱ्या मिठात पोटॅशियम क्लोराइड असतं, ते किडनीच्या रुग्णाला फार महागात पडू शकतं. आणि सैंधव? तेही बहुतांशी सोडियम क्लोराइडच. उपवासाला चालतं, बाकी त्यात जादू नाही.

ओआरएसची पुडी आणि साखरेची भीती

ओआरएस म्हणजे पाण्यात घालायची मीठ-ग्लुकोजची पुडी. ती अर्ध्या लिटरच्या बाटलीत रिकामी करणारे मी रोज पाहतो. २१ ग्रॅमच्या आसपासची मोठी पुडी एक लिटर पाण्याची असते. घट्ट केलं तर पोट बिघडतं. चिमूट-चिमूट टाकून पुडी आठवडाभर पुरवणारेही भेटतात, त्यांना चवीपलीकडे काही मिळत नाही.

डाएटवाल्यांचा आणखी एक हट्ट म्हणजे साखर नको. पण लहान आतड्यात ग्लुकोज आणि सोडियम एकमेकांचा हात धरून आत जातात आणि पाणी त्यांच्या मागोमाग. १९७१ मध्ये बांगलादेशी निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी कॉलऱ्याचे रुग्ण वाचवले ते याच मीठ-ग्लुकोजच्या पाण्यावर. एका लिटरमध्ये ग्लुकोज साडेतेरा ग्रॅम, म्हणजे साधारण ५४ कॅलरी. अर्ध्या भाकरीइतक्याही नाहीत. घरी करायचं तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा.

दुकानातल्या गोड पेयांच्या खोक्यावर 'ओआरएस' वाचून फसू नका. ऑक्टोबर २०२५ मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणाने अशा पेयांच्या नावात हा शब्द वापरायला मनाई केली. आणि दोन तास एसीत जिम करून घोटभर घाम आला असेल, तर पुडी फोडायची गरजच नाही.

किती प्यायचं? काटा सांगेल

'दिवसाला पाच लिटर' हा आकडा कुणाचाच नसतो. सरावाआधी लघवी करून कमी कपड्यांत वजन करा, नंतर घाम पुसून परत करा. समजा ६२ किलोचे ६१.१ झाले. ९०० ग्रॅम गेले, तर पुढच्या दोन-तीन तासांत सव्वा लिटरच्या आसपास, थोडं-थोडं, खाण्यासोबत. वजन दोन टक्क्यांहून जास्त उतरलं असेल, तर सरावात पाणी कमी पडलं. वाढलं असेल, तर वर लिहिलंय ते परत वाचा. परीक्षेच्या दिवशी १६०० किंवा ८०० मीटरआधी लिटरभर पाणी ढोसणं तर वेडेपणा. ते पाणी शरीराच्या कामी यायच्या आत तुमची फेरी संपलेली असते.

पेटका आला की केळं, ही जुनी समजूत. केळ्यात पोटॅशियम भरपूर, शहाळ्यातही. पण घामात जातं ते मुख्यतः सोडियम. शिवाय पेटके कित्येकदा निव्वळ थकल्या स्नायूचे असतात. पोटरीचा आला तर पाय लांब करून पंजा स्वतःकडे ओढा, तो सुटतो. केळं खा, भूक लागली असेल तर.

"एक सलाईन लावून येतो"

ही आपल्या भागातली खास सवय. नॉर्मल सलाईनच्या ५०० मिलीच्या बाटलीत मीठ असतं साडेचार ग्रॅम, म्हणजे चहाच्या चमच्याहून कमीच. तोंडाने पिता येत असताना एवढ्यासाठी हातात सुई टोचून घेऊन पैसे मोजायचे!

खरी गरज वेगळ्या वेळी लागते. डोकेदुखीसोबत उलट्या, बडबड, झोपाळल्यासारखं होणं किंवा फिट आली, तर घरगुती उपाय नको. पाणी पाजत बसू नका, थेट सिव्हिलला न्या. ऊन लागून अंग तापलंय आणि बोलणं असंबद्ध झालंय, तर गाडी येईपर्यंत अंगावर पाणी ओता. आणि जोर-बैठकांचा अतिरेक झाल्यावर लघवी चहासारखी किंवा कोल्ड्रिंकसारखी काळपट झाली, तर स्नायू फुटून किडनीवर भार आलेला असू शकतो. पोरं लाजेने हे सांगत नाहीत. म्हणून मी आता रोज सकाळी विचारतोच, सगळ्यांदेखत नाही, एकेकाला बाजूला घेऊन.