टेपवाला जुना व्हिडिओ कॅमेरा ऑनलाइन घेताना

जाहिरातीत ‘कॅमेरा चालू होतो’ एवढंच लिहिलं असेल, तर आतपर्यंत वीज पोचते इतकंच समजायचं. ‘चार्जर नाही म्हणून तपासला नाही’ असं असेल तर तो बंदच आहे असं धरून किंमत ठरवा. या कॅमेऱ्यांत बहुतेक वेळा दगा देतो तो कॅसेट ओढून फिरवणारा भाग. लेन्स चकचकीत असते, स्क्रीन उजळते, आणि कॅसेट मात्र आत अडकून बसते.

जुन्या कॅसेट बघण्यासाठी घेत असाल, तर कॅसेटवर छापलेलं प्रकाराचं नाव आधी वाचा. हाय8 आणि व्हिडिओ8 हे एकाच आकाराच्या कॅसेटचे दोन प्रकार. हाय8चा कॅमेरा व्हिडिओ8 चालवतो, पण उलटं जमत नाही. 1999 साली आलेला डिजिटल8 याच आकाराच्या कॅसेटवर डिजिटल रेकॉर्डिंग करतो. मात्र जुनं अॅनालॉग चित्रण त्यातली ठरावीक मॉडेलंच दाखवतात, तेव्हा त्या मॉडेलचं मॅन्युअल शोधून खात्री करा. कॅसेट आणि कॅमेरा पाल की एनटीएससी (टीव्ही चित्राच्या दोन वेगळ्या पद्धती) हेही जुळायला हवं.

विक्रेत्याकडे फोटोंऐवजी एक सलग व्हिडिओ मागा. कॅसेट टाकणं, मिनिटभर रेकॉर्डिंग, मागे नेऊन प्ले, शेवटी कॅसेट बाहेर काढणं. शिवाय दुसऱ्या कॅमेऱ्यावर चित्रित केलेली एखादी कॅसेटही चालवून दाखवायला सांगा. हे फार महत्त्वाचं आहे, कारण टेपचा मार्ग जरा सरकलेला कॅमेरा स्वतःचं रेकॉर्डिंग व्यवस्थित दाखवतो आणि इतरांचं फाटकं.

चित्रात चौकोनी ठिपके किंवा आडवे पट्टे दिसले तर बहुधा हेड, म्हणजे टेप वाचणारा भाग, मळलेलं असतं. कोरडी क्लीनिंग कॅसेट दहा सेकंद फिरवून बऱ्याचदा भागतं. तरीही पट्टे राहिले तर हेड झिजलेलं असू शकतं. सोनीच्या कॅमेऱ्यात स्क्रीनवर बिघाडाचे कोड येतात. सी:21 म्हणजे आत दमट हवा साचली आहे, कॅसेटचं झाकण उघडं ठेवून तासभर थांबायचं. सी:31 किंवा सी:32 वारंवार येत असेल तर यंत्रणेतच बिघाड आहे, सोडून द्या.

कॅसेट छान दिसते पण समोरचं दृश्य काळं किंवा जांभळट येतं? मग सेन्सर, म्हणजे लेन्समागचा चित्र टिपणारा भाग, गेलाय. 2005 मध्ये अनेक कंपन्यांच्या कॅमेऱ्यांत हा दोष जाहीर झाला होता. तेवढा कॅमेरा केवळ कॅसेट बघायला चालेल. 1990च्या आसपासच्या हाय8 कॅमेऱ्यांत कपॅसिटर (सर्किटवरचे वीज साठवणारे छोटे भाग) गळतात. आवाज नाहीसा होणं, व्ह्यूफाइंडर अंधारणं आणि मासळीसारखा वास ही त्याची लक्षणं. लेन्समध्ये समोरून तिरका टॉर्च मारून काढलेला फोटोही मागा, बुरशीचे धागे त्यात उठून दिसतात.

मिनीडीव्ही (छोट्या डिजिटल कॅसेटचा प्रकार) आणि डिजिटल8साठी डीव्ही पोर्टचा, म्हणजे फायरवायर केबल लावायच्या जागेचा, जवळून फोटो हवाच. पूर्ण दर्जाचं चित्रण कॉम्प्युटरवर या फायरवायरनेच उतरतं, तासाला साधारण 13 जीबी. यूएसबी पोर्ट अनेक मॉडेलांत फोटोंपुरताच असतो. केबल लावताना कॅमेरा बंद ठेवा, नाहीतर पोर्ट जळू शकतो.

पार्सल आल्यावर जपलेली कॅसेट लगेच आत घालू नका. आधी टाकाऊ कॅसेट पंधरा मिनिटं चालवा, बाहेर काढून झाकण उचला आणि टेपची कड बघा. ती चुरगळलेली असेल तर परत करण्याची मुदत संपायच्या आत कॅमेरा परत पाठवा.