वाळवंटातील लांब पदभ्रमण: उन्हाची सवय असणाऱ्यांनी या चुका टाळा

नवतपा, म्हणजे मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, शेतात काढणाऱ्याला वाळवंटाचे काय भय, या समजापायी विदर्भातून राजस्थानातील थरच्या वाळवंटाकडे किंवा अमेरिकेतील पॅसिफिक क्रेस्ट ट्रेल या लांब पायवाटेच्या वाळवंटी टप्प्याकडे निघणाऱ्यांची तयारी अर्धवट राहते. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपलीकडे जातो हे खरे. पण त्या दिवसांत भर दुपारी आपण चालतो किती? शेतावरची कामे सकाळीच उरकली जातात, दुपार कडुनिंबाखाली किंवा घरात जाते आणि विहीर फारशी दूर नसते. ऊन टाळण्याची ही रीत वाळवंटातही पाळावीच. मात्र पाठीवर ओझे घेऊन, पाणी स्वतः वाहून, रोज २० किलोमीटर चालण्याची ती तयारी नव्हे. शिवाय उष्णतेत श्रम करण्याची सवय शरीराला लागण्यास साधारण १० ते १४ दिवस लागतात आणि श्रम थांबल्यावर काही आठवड्यांतच ती ओसरते, त्यामुळे मे महिन्यात कमावलेली सवय डिसेंबरमध्ये उपयोगी पडत नाही.

थरमध्ये चालण्याचा काळ नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा आहे. त्यामुळे अनेकांची फजिती होते ती उन्हाने नव्हे, थंडीने. जैसलमेरला जानेवारीत रात्रीचे तापमान १० अंशांखाली उतरते, क्वचित शून्याजवळही जाते. हवा कोरडी आणि आकाश निरभ्र असल्याने वाळू सूर्यास्तानंतर झपाट्याने निवते. चादर आणि दुपट्ट्यावर भागेल असे मानू नये. स्लीपिंग बॅग, तिच्याखाली चटई आणि लोकरी टोपी या वस्तू ओझे कमी करण्याच्या नादात वगळू नयेत. पॅसिफिक क्रेस्ट ट्रेलवर मेक्सिकोच्या सीमेजवळच्या कॅम्पोपासून केनेडी मेडोजपर्यंत सुमारे १,१०० किलोमीटरचा भाग वाळवंटी म्हणून ओळखला जातो, पण वाटेतल्या सॅन हसिंटोच्या डोंगरावर वसंतातही बर्फ भेटू शकतो.

सर्वांत महागात पडणारी चूक पाण्याच्या हिशेबाची. दिवसाला अमुक लिटर असे न ठरवता, एका खात्रीच्या पाणवठ्यापासून पुढच्या पाणवठ्यापर्यंत किती तास लागतील आणि मध्ये मुक्काम पडेल का, यावरून हिशेब करावा. उन्हात चालताना तासाला अर्धा ते एक लिटर घाम सहज जातो, आणि एक लिटर पाणी म्हणजे एक किलो ओझे. म्हणून मुक्कामासह सहा लिटर पाणी भरल्यावर पाठपिशवी कशी लागते ते घरीच अनुभवावे. क्रेस्ट ट्रेलवर स्वयंसेवकांनी ठेवलेले पाण्याचे साठे आढळतात, पण ते भरलेले असतीलच असे धरून चालणे धोक्याचे आहे. थरमधील टाके हे पावसाचे पाणी साठवण्यासाठी बांधलेले असते आणि ते बहुधा कुटुंबाच्या किंवा गावाच्या मालकीचे असते, तेव्हा विचारल्याशिवाय त्यात भांडे बुडवू नये. तेथील अनेक विहिरींचे पाणी खारे असते. साध्या फिल्टरने जंतू अडतात, क्षार अडत नाहीत, हे पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यातल्या वाचकाला वेगळे सांगायला नको.

नुसते पाणी पीत राहणे हीसुद्धा चूकच. घामावाटे मीठ जाते, आणि वर भरमसाठ साधे पाणी प्यायल्यास रक्तातील सोडियम घटून मळमळ, डोकेदुखी व गोंधळलेपणा येतो. ओआरएसची पाकिटे जवळ ठेवावीत. ती संपल्यास एक लिटर पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि चहाचा अर्धा सपाट चमचा मीठ पुरते. खारे शेंगदाणे आणि गूळ उत्तम. सातूचे पीठ मात्र पाणी मागते, त्यामुळे कोरड्या मुक्कामी त्यावर भिस्त ठेवू नये.

सराव डांबरी रस्त्यावर करून वाळूत पाय चालत नाहीत. उन्हाळ्यात वर्धा किंवा पैनगंगेचे पात्र जेथे कोरडे पडते, तेथे पहाटे ओझ्यासह चालून पाहावे. वाळूत वेग किती घटतो ते कळले की रोजचा पल्लाही खरा ठरतो. बूट अर्धा नंबर मोठे घ्यावेत, कारण दिवसभराच्या चालीने पाय सुजतात. तळवा एका जागी गरम लागू लागला की तेथेच थांबून मोजे कोरडे करावेत आणि चिकटपट्टी लावावी. फोड येऊ दिला तर पुढचे दोन दिवस बिघडतात. थरमधील भुरट गवताचे काटेरी बी मोज्यांत रुतते, त्यामुळे घोट्यावर कापडी आवरण आणि जवळ चिमटा हवा.

परवानगीचे काम शेवटावर टाकू नये. जैसलमेरच्या सीमेकडील काही भागांत जाण्यास प्रशासनाची परवानगी लागते. उपग्रह फोन किंवा उपग्रहावरून संदेश पाठवणारे उपकरण भारतात परवानगीविना बाळगल्यास कायद्याची कारवाई होऊ शकते, म्हणून परदेशी पदयात्रींचे पाहून ते मागवू नये.

सोबती बरळू लागला, तोल जाऊ लागला, तर घाम सुरू आहे म्हणून उष्माघात नव्हे असे समजू नये. श्रमातून होणाऱ्या उष्माघातात अंग ओलेही असू शकते. त्याला लगेच सावलीत घ्यावे, कपडे सैल करून अंग भरपूर भिजवावे, वारा घालावा आणि त्याच वेळी मदत बोलवावी. शुद्ध हरपली असेल तर तोंडात पाणी ओतू नये.