व्यायामात मुरलेल्यांनी घरच्या व्यायामाचे व्हिडिओ कसे निवडावेत, कसे वापरावेत

व्हिडिओच्या नावात ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ असतं आणि सुरू केल्यावर चाळीस मिनिटं नुसत्या उड्या. घाम निथळतो, धाप लागते, पण महिन्याभराने पाहावं तर ताकद होती तिथेच. या व्हिडिओंमध्ये व्यायाम अवघड करायचा म्हणजे वेग वाढवायचा, भार मात्र तेवढाच. दमसासासाठी ते ठीक आहे. ताकद वाढायला मात्र स्नायूंना हळूहळू आधीपेक्षा जास्त काम द्यावं लागतं, आणि तुमची तयारी किती आहे हे पडद्यावरच्या प्रशिक्षकाला दिसत नाही. ते जास्तीचं काम तुम्हालाच ठरवायचं आहे.

पायरी १: आधी बसून बघा

नवा व्हिडिओ थेट करायला घेऊ नका. पुढे ढकलत ढकलत एकदा पूर्ण नजरेखालून घाला.

पहिल्यांदा विश्रांती किती आहे ते बघा. ‘ताकदीचा’ म्हणवणारा व्हिडिओ जर ४० सेकंद काम आणि १० सेकंद विश्रांती देत असेल, तर तो खरं म्हणजे दमसासाचाच आहे. जड सेटनंतर (सलग केलेल्या आवर्तनांच्या एका गटानंतर) पुन्हा तेवढाच जोर लावता यायला दोन-तीन मिनिटं लागतात.

मग ओढण्याचे व्यायाम शोधा. माझ्या मते घरच्या व्हिडिओंची सगळ्यात मोठी उणीव इथे आहे. साधनांशिवायच्या व्यायामात ढकलणं भरपूर मिळतं: पुशअप, डिप, बर्पी. पण ओढायला काही धरावं लागतं, म्हणून पाठ आणि दंडाचा पुढचा भाग सहसा कोरडाच राहतो. महिनोन्‌महिने असंच चाललं तर छाती आणि पाठ यांच्या ताकदीत तफावत पडते. दाराच्या चौकटीत बसणारा पुलअप बार, एखादा जाड रेझिस्टन्स बँड किंवा डंबेलची जोडी यातलं काहीतरी घ्याच. व्हिडिओत ओढण्याचा व्यायाम नसेल तर तो स्वतः घाला. ढकलण्याचे जितके सेट, तितकेच ओढण्याचे, हा हिशेब धरून चालायला हरकत नाही.

प्रशिक्षकाकडेही लक्ष द्या. हालचाल बदलण्याआधी तो तोंडाने सांगतो का? सांगत नसेल तर प्लँकमध्ये मान वळवून पडदा बघत राहावं लागतं आणि मान धरते. शेवटच्या फेरीत त्याचीच कंबर खाली लोंबायला लागली असेल, तर तो व्हिडिओ सोडा.

पायरी २: नावावर जाऊ नका

व्हिडिओंच्या नावात सर्रास दिसणाऱ्या ‘ताबाता’चंच बघा. इझुमी ताबाता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात व्यायामाच्या सायकलवर २० सेकंद काम आणि १० सेकंद विश्रांती अशा सात-आठ फेऱ्या होत्या. सगळं मिळून चारेक मिनिटं. तीव्रता मात्र शरीराच्या कमाल ऑक्सिजन-वापराला लागणाऱ्या जोराच्या सुमारे १७० टक्के. तितका जोर लावल्यावर पुढे काही करण्याचं त्राण उरत नाही. त्यामुळे चाळीस मिनिटं ‘ताबाता’ चालत असेल तर तो साधा इंटरव्हल व्यायाम (थोडं काम, थोडी विश्रांती असा आळीपाळीचा) समजा. तोही उपयोगी आहे, फक्त त्याचा उपयोग वेगळा.

पायरी ३: भार तुम्ही चढवा

व्हिडिओतला प्रशिक्षक ३० सेकंदांत वीस स्क्वॉट काढतो. तुम्ही तीन सेकंद खाली जा, तळाशी एक सेकंद थांबा, एका सेकंदात वर या. तेवढ्याच वेळात सहाच होतील आणि मांड्या चांगल्याच भरून येतील. त्याच्या आकड्याशी स्पर्धा करायचं काही कारण नाही.

पुशअपमध्ये भार कोनाने बदलतो. नेहमीच्या पुशअपमध्ये शरीराच्या वजनाचा साधारण दोन-तृतीयांश भाग हातांवर येतो; गुडघे टेकले की तो निम्म्याच्या आसपास उतरतो. पाय खुर्चीच्या उंचीवर ठेवले तर पाऊण होतो. म्हणजे ७० किलोच्या माणसाने पाय जमिनीवरून खुर्चीवर नेले की हातांवर पाच-सहा किलो वाढतात, एक पैसाही खर्च न करता. तेही सोपं वाटायला लागलं की पाठीवर वह्या-पुस्तकं भरलेली सॅक घ्या. पट्टे घट्ट ओढा, म्हणजे ती मानेकडे घसरणार नाही. पायांसाठी दोन पायांवरून एका पायावर येणं हा सगळ्यात सोपा चढ: स्प्लिट स्क्वॉट (एक पाय पुढे, एक मागे ठेवून खाली बसणं), मग मागचा पाय उंचावर ठेवून तोच, मग खुर्चीवर बसून एका पायावर उठणं.

किती चढवायचं? सेट संपताना ‘आणखी एक-दोन नीट निघाले असते’ असं वाटलं पाहिजे. दहा सहज निघाले असते असं वाटत असेल तर भार कमी आहे. हलक्या वजनानेही स्नायू वाढतात, पण सेट थकव्याच्या काठापर्यंत नेला तरच. आणि पॉज बटण मोकळेपणाने वापरा. ताकदीच्या दिवशी सेटनंतर व्हिडिओ दोन मिनिटं थांबवणं म्हणजे आळस नव्हे.

पायरी ४: रोज नवा व्हिडिओ नको

नवेपणाने अंग दुखतं, आणि ती दुखणी प्रगतीसारखी वाटतात. व्यायामानंतरची दुखणी सहसा २४ ते ७२ तासांत सर्वात जास्त जाणवतात आणि अनोळखी हालचालीने अधिक होतात. त्यावरून ताकद वाढली की नाही ते कळत नाही. ते वहीतून कळतं. दोन-तीन चांगले व्हिडिओ निवडा, तेच चार ते सहा आठवडे फिरवा. दर वेळी व्यायाम, भार, रेप (आवर्तनं) आणि विश्रांती लिहा. मागच्या वेळेपेक्षा एक रेप जास्त निघाला किंवा त्याच रेप जास्त भाराने झाल्या, तर वाट बरोबर आहे.

आठवड्याचं साधं वेळापत्रक: दोन-तीन दिवस ताकद, एक-दोन दिवस तीव्र इंटरव्हल, एक दिवस लांब आणि सावकाश चालणं किंवा सायकल, आणि किमान एक दिवस पूर्ण सुट्टी. एकाच स्नायूगटाला सलग दोन दिवस कठोर काम देऊ नका.

पायरी ५: जागा

हात पसरून गोल फिरता येईल इतकी मोकळी जागा हवी, आणि उडीसाठी डोक्यावर पंखा नको. पडदा छातीच्या उंचीवर ठेवा. उड्या असतील तर बूट घाला. जाड मऊ मॅटवर घोटा मुरगळू शकतो.

पायरी ६: थांबायचं कधी, बदलायचं कधी

छातीत दुखलं, भोवळ आली किंवा सांध्यात टोचणारी कळ आली तर तिथेच थांबा. छातीतलं दुखणं असेल तर वैद्यकीय मदत घ्या. फार कठोर व्यायामानंतर स्नायू सुजले आणि लघवी गडद तपकिरी झाली, तर तातडीने डॉक्टरांकडे जा: स्नायू तुटून त्यातली द्रव्यं रक्तात उतरल्याचं ते लक्षण असतं आणि त्यातून मूत्रपिंडांना इजा होऊ शकते. तयार शरीरालाही हा धोका असतो, विशेषतः मोठ्या खंडानंतर एकदम जुन्या भारावर परतताना.

असं काही नसलं तरी पाच-सहा आठवड्यांनी एक आठवडा सेटची संख्या निम्म्यावर आणा. त्यानंतर वही उघडा. आकडे अजून चढत असतील तर तोच व्हिडिओ पुढे चालू ठेवा. भार, कोन आणि गती बदलूनही दोन-तीन आठवडे आकडा हलत नसेल, तर दुसरा शोधा आणि पायरी १ पासून सुरुवात करा.